घरी विश्रांती – पण करणार कोण?

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हातात ठेवतात, त्याच्या तळाशी एक ओळ असते – 'घरी विश्रांती, सहा आठवडे.' औषधांची नावं, टाके काढायची तारीख, पुन्हा दाखवायला कधी यायचं, हे सगळं लिहून झालं की डॉक्टर ही ओळ लिहितात आणि खाली सही करतात. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मी ही ओळ कितीतरी बायांना वाचून दाखवली आहे. 'समजलं ना? आराम करायचा हं!' असं वर बजावलंही आहे. त्या ओळीत काही राहून जातंय असं मला बरीच वर्षं वाटलं नाही. ते माझ्या लक्षात आलं दोघीजणींमुळे. दोघींच्याही खुब्याचा सांधा बदलला होता. एक आमच्या वॉर्डातली पेशंट आणि दुसरी माझी आई.

पहिलीची हकीकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय बेचाळीस, चार घरची धुणीभांडी करणारी. तिला सिकलसेलचा आजार आहे. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो आणि त्यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बंद पडून ते आतून खचत जाण्याचा धोका असतो. तिचं तेच झालं. दोन वर्षं ती लंगडत कामावर गेली, दुखणं अंगावर काढलं आणि पाय टाकणंच अशक्य झालं तेव्हा रुग्णालयात आली. शासकीय योजनेतून सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ती उभी राहिली, चार पावलं चालली आणि चक्क हसली.

घरी सोडण्याआधी मी तिचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे – 'घरी काळजी घेणारे'. मी विचारलं, "घरी कोण कोण आहे?" ती म्हणाली, "नवरा हाय, सासू हाय, पोरगी हाय चौदा वर्साची, लहान पोरगा हाय." चार माणसं! मी रकान्यात 'आहेत' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

पाचव्या आठवड्यात ती स्ट्रेचरवरून परत आली. पाय आखूड दिसत होता, आत वळलेला होता आणि कुणी हात लावला तरी ती किंचाळत होती. सांधा निखळला होता. भूल देऊन तो जागेवर बसवावा लागला. केसपेपरवर नोंद झाली – 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.'

मी तिच्या घरी गेले ती यानंतर. खरं म्हणजे आधी जायला हवं होतं. एक खोली, कोपऱ्यात मोरी, झोपायला जमिनीवर अंथरूण. संडास वस्तीचा, सार्वजनिक, उकिडवं बसायचा. 'कमोड वापरा, खाली बसू नका, वाकू नका' असं आम्ही तिला छापील कागदावर दिलं होतं. नळ पहाटे चारला येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात जातो. नवरा रात्रपाळीचा चौकीदार. सासूला डोळ्यांनी कमी दिसतं. मुलगी महिनाभर शाळेत गेलेली नव्हती. पाणी, स्वयंपाक, भाऊ आणि आईची आंघोळ तिच्याकडे होती. त्या पहाटे नेमका मुलीला ताप होता. म्हणून आई उठली आणि नळाखालची भरलेली बादली ओढायला वाकली.

"पाणी त भराच लागते न ताई," ती मला म्हणाली. "नळ का माह्या पायासाठी थांबन?"

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. घरी आल्यावर ती सांगितल्याप्रमाणे रोज वॉकर घेऊन दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत चालत होती. तिसऱ्या आठवड्यात सासू म्हणाली, "चालता तं येते तुले, मंग भाकरी टाकाले का होते?"

मैत्रिणींनो, या प्रश्नात सासूचा दुष्टपणा शोधू नका. ती बिचारी तिच्या परीने हिशेब सांगत होती. बाईच्या शरीराच्या दोनच अवस्था आपल्या घरांना माहीत आहेत – ती काम करते, नाहीतर ती पडून असते. तिसरी अवस्था आपल्याकडे नाही. सांधा बदलल्यानंतरची विश्रांती मात्र नेमकी तिसऱ्या प्रकारची असते. पडून राहायचं नसतं, कारण पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू दुबळे होतात. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा चालायचं असतं, व्यायाम करायचा असतो आणि मध्ये मध्ये पाय ताणून पडायचं असतं. म्हणजे बाईने चालायचं, पण कामासाठी नाही, स्वतःसाठी! हे दृश्यच घराला परकं असतं. चालणाऱ्या बाईच्या हातात झाडू नसेल, ताट नसेल, तर ती 'नुसती फिरते आहे' असं दिसतं. घरच्यांना तसं दिसतं आणि तिला स्वतःलाही.

आता आईविषयी.

माझी आई सदुसष्ट वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. २०२४ च्या जुलैअखेरीस ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडली. खुब्याशी हाड मोडलं आणि सांधा बदलावा लागला. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, एरवी ज्या पडण्याने नुसतं खरचटलं असतं त्याने हाड मोडतं, हे मी किती शिबिरांत सांगितलं आहे! स्वतःच्या आईच्या न्हाणीघरात मात्र भिंतीला धरायला दांडा बसवला नव्हता.

आईला घरी आणायच्या आदल्या रात्री मी दादाच्या घरी फोन लावला. आईबाबा त्याच्याकडेच राहतात. दादा घरूनच कंपनीचं काम करतो, वहिनी बँकेत आहे. फोन वहिनीने घेतला आणि मी पहिलंच वाक्य बोलले, "वहिनी, तुला किती दिवस रजा मिळेल?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग शांतपणे म्हणाली, "अगं, हाच प्रश्न ह्यांना विचारलास का?"

विचारला नव्हता. दादा त्याच घरात, दुसऱ्या खोलीत बसला होता. स्त्री-पुरुष श्रमविभागणीवर मी व्याख्यानं देते, गटांमध्ये तक्ते काढून घेते. 'बाई दिवसभर काय करते?' हा खेळ तर मी डोळे मिटून घेऊ शकते. आणि स्वतःच्या आईवर वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून आलेला पहिला प्रश्न वहिनीच्या रजेचा होता. वॉर्डात भरलेल्या त्या रकान्याचीच ही दुसरी प्रत. 'घरी कोण आहे' हे विचारायचं, आणि 'करणार कोण' हे गृहीत धरायचं.

हे गृहीत किती खोल रुजलं आहे ते सरकारी आकड्यांतही दिसतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकाम करताना दिसल्या. जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आहेत. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ! यातली बाई जेव्हा सहा आठवडे अंथरुणाला खिळते, तेव्हा तिची २८९ मिनिटं नाहीशी होत नाहीत. ती दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या अंगावर येऊन पडतात. सून, मुलगी, बहीण, नाहीतर ब्युरोतून बोलावलेली मावशी. आणि यांपैकी कुणीच नसेल तर ती परत त्याच बाईच्या अंगावर येतात, सांधा निखळेपर्यंत.

सांधा बदलल्यानंतर नेमकं काय सांभाळायचं असतं ते इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्या गटांतल्या कितीतरी जणींवर, त्यांच्या आयांवर आणि सासवांवर ही वेळ येते आहे. मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलं अंतिम समजावं. छेद कुठून घेतला त्यावर नियम बदलतात, आणि अलीकडे काही डॉक्टर बंधनं सैलही करतात.

छेद मागच्या बाजूने घेतला असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे साधारण तीन गोष्टी टाळायला सांगतात. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. याचा रोजच्या भाषेत अर्थ असा – जमिनीवर, पाटावर, बुटक्या स्टुलावर बसायचं नाही. खाली पडलेलं उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. मऊ, खोल सोफ्यात बसायचं नाही. हात असलेली, टणक, उंच खुर्ची हवी. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर येता कामा नयेत. पलंग बुटका असेल तर पायांखाली पक्के ठोकळे घालून उंच करावा. उताणं झोपावं, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. परकर डोक्यावरून घालावा. सलवार घालताना ऑपरेशनचा पाय आधी आणि काढताना शेवटी, आणि खाली वाकायला लागू नये म्हणून कुणीतरी मदत करावी.

संडासाचं काय करणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरवायला हवं. घरात उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची लागेल. साधा कमोड असेल तर त्यावर बसवायची उंच बैठक मिळते. न्हाणीघरात उंच, न घसरणारं स्टूल आणि भिंतीला पक्का दांडा हवा. टॉवेलची दांडी धरून उठू नये, ती माणसाचं वजन पेलत नाही. वाटेतल्या सतरंज्या, पायपुसणी, वायरी काढून टाकाव्यात. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा. घरातला कुत्रा आणि लहान नातवंडं वॉकरच्या मध्ये येणार नाहीत हेही पाहावं लागतं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी धरायची ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात. आपल्याकडे नव्वद टक्के लोक तरी ती उलट्या हातात देतात असं मला वाटतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं. 'आता बरं वाटतंय' म्हणून किंवा पैसे वाचवायला मध्येच थांबवायचं नाही. पडल्या पडल्या घोटे वरखाली हलवत राहायचे. पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर त्याच दिवशी दाखवायचं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक क्षणही न थांबता १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली वाढणं, ताप येणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं. आणि अचानक असह्य वेदना, पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, पायावर भार न टाकता येणं म्हणजे सांधा निखळलेला असू शकतो. अशा वेळी घरच्या घरी ओढायचा नाही, चोळायचा नाही, हाडवैद्याकडे न्यायचा नाही.

आणखी एक. बसवलेल्या सांध्याची माहिती असलेलं कार्ड आणि स्टिकर मागून घ्या आणि रेशनकार्डाइतकं जपून ठेवा. २०१० मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने सदोष ठरलेले खुब्याचे सांधे जगभरातून परत मागवले. भारतात ते ज्यांना बसवले होते त्यांतल्या अनेकांचा नंतर पत्ताच लागला नाही. ज्यांच्याकडे कागद नसतो, त्यांना भरपाईही मिळत नाही.

आता एक अशी गोष्ट जी कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसते. शरीरसंबंध कधी सुरू करायचे? बहुतेक डॉक्टर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात, आणि नंतरही कुठल्या स्थितीत सांध्यावर ताण येत नाही ते पाहावं लागतं. पण हे सांगतं कोण? पुरुष पेशंट कधी तरी दबक्या आवाजात विचारतो. बाई विचारत नाही, कारण विचारलं तर 'हिला कसली घाई' असं ऐकावं लागेल ही भीती. आणि जिला घाई नाही, जिला नकोच आहे, तिने नवऱ्याला 'नाही' म्हणायचं कशाच्या आधारावर? चाळिशीतल्या एका बाईने मला सांगितलं, "बाई, तेवढं एक कागदावर लिहून द्या. डॉक्टरनं लिहिलं म्हटलं की ऐकतील." स्वतःच्या शरीराविषयीचा नकार तिला डॉक्टरच्या अक्षरात हवा होता. आपल्या चळवळीने यावर विचार करावा.

या सगळ्या सूचना पुन्हा एकदा वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येईल. त्या जमिनीपासून दूर राहायला सांगतात. आज जी शस्त्रक्रिया होते तिचा पाया १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी घातला. जिथे खुर्ची, पलंग आणि कमोड गृहीतच असतात अशा घरांत पेशंट परत जात होते. आपल्याकडे घर जमिनीवर चालतं, आणि त्यातही बाईचं घर जास्त. पुरुष कधीच खुर्चीवर, दिवाणावर, मोटारसायकलवर चढून बसला. जमिनीवर उरलं ते केर, पोछा, मोरी, विळी, धुणं, रांगोळी आणि देवघर. ओटा आला त्याने पोळ्या वर आल्या, पण डबे खालीच राहिले. म्हणून 'वाकू नका' ही सूचना पुरुषाला दिली की ती वैद्यकीय सूचना असते. बाईला दिली की ती घराची घडी बदला असं सांगण्यासारखं असतं. आणि घडी बदलण्याचं काम आपण एकट्या पेशंटवर सोपवून मोकळे होतो.

आमच्या घरी काय झालं तेही सांगते, कारण दुसऱ्यांच्या घरांविषयी लिहिणं सोपं असतं. वहिनीच्या त्या प्रश्नानंतर आम्ही चौघांनी बसून तक्ता केला. सकाळची आंघोळ आणि कपडे वहिनीकडे, बँकेत जायच्या आधी. दुपारचं जेवण, औषधं आणि चालायला नेणं दादाकडे. शनिवार-रविवार माझे. कमोडच्या खुर्चीखालचं भांडं बाबांकडे. बाबा बहात्तर वर्षांचे, आयुष्यात स्वतःचं ताट उचललेलं नाही. पहिले आठ दिवस ते भांडं कुणी ना कुणी बाईच उचलत होती, तक्ता भिंतीवर लटकत होता. नवव्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं आणि आई ताटकळली होती, तेव्हा बाबांनी ते उचललं. कुणी कौतुक केलं नाही, मीही मुद्दाम केलं नाही. त्यानंतर ते उचलत राहिले.

सगळ्यात कठीण गेली ती आई. "मी नुसती बसून खाते" हे वाक्य तिने सहा आठवड्यांत किती वेळा म्हटलं असेल! दादाने वाढलेलं ताट घेताना तिचा चेहरा अपराध्यासारखा व्हायचा. त्यात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडच्या महालक्ष्म्या आल्या. सातवा आठवडा होता. तिने सगळ्यांच्या नकळत देवघरापुढे पाट मांडून बसायचा प्रयत्न केला, वहिनीने वेळेवर धरलं. खूप वादावादी झाली. मी म्हटलं, "या वर्षी महालक्ष्म्या नको." आई म्हणाली, "तू मला पेशंट म्हणून ठेवलंस, आता माणूस म्हणूनही ठेव." तिचं बरोबर होतं. सण बंद करणं हा माझा सोयीचा मार्ग होता. शेवटी ती उंच खुर्चीवर बसली, सोळा भाज्यांतल्या पाच टेबलावर चिरल्या, आणि पुरणाच्या पोळ्या दादाने लाटल्या. त्या फुटल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरात सून असताना!" वहिनीने त्यांना फुटलेलीच पोळी वाढली.

ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून सांगत नाही. आमच्याकडे खोल्या होत्या, पगार होते, दादाला घरून काम होतं, आणि तरीही दुपारी चार तास आम्हाला ब्युरोतून मावशी बोलवावी लागली. आमचे तक्ते तिच्या जिवावर तोललेले होते. पंधरा वर्षं ती पेशंट उचलते आहे. तिची स्वतःची कंबर दुखते, जिना चढताना ती कठडा धरते. आमच्याकडचे चार तास झाले की ती दुसऱ्या घरी रात्रीच्या बारा तासांच्या पाळीला जायची. कामाला लावताना शेजारणीने मला विचारलं होतं, "कोणत्या लोकांतली आहे? स्वयंपाकघरात येऊ देणार का?" आजारी माणसाची घाण काढायला जिचे हात चालतात, तिच्या हातचं पाणी चालत नाही, हा हिशेब अजून आपल्या इमारतींतून गेलेला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण या मावशीचा खुबा मोडला तर तिला सहा आठवड्यांची भरपगारी रजा कुणी देणार नाही. तिच्या घरी 'घरी काळजी घेणारे' या रकान्यात मी काय लिहू?

स्त्री-चळवळीने बाईच्या आरोग्याचा प्रश्न लावून धरला तो बव्हंशी गर्भाशयाभोवती. ते आवश्यकच होतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढून आपण १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा आणवला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयं काढण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. पण गर्भाशयाचं काम संपल्यावर बाईचं शरीर जणू आपल्याही नजरेआड होतं. तिची हाडं, तिचे सांधे, तिचं म्हातारपण हा आपला विषय झाला नाही. एकेकाळी मोर्च्यात पुढे चालणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मैत्रिणी आज काठी घेऊन बैठकीला येतात, आणि आपली बैठक अजून सतरंजीवरच असते! त्या भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि 'असू दे गं' म्हणतात. निदान चार खुर्च्या मांडायला आपण कुणाच्या परवानगीची वाट पाहतो आहोत?

तेव्हा काही गोष्टी सुचवते. पहिली – रुग्णालयांकडे आग्रह धरू या की ऑपरेशनच्या आधी, शक्य तिथे, पेशंटचं घर पाहिलं जावं; आणि घरी सोडताना सूचना एकट्या बाईला न देता घरातल्या पुरुषाला समोर बसवून, त्याच्याकडून वदवून घ्याव्यात. दुसरी – वस्तीत, गावात साधनांची पेढी. वॉकर, कमोडची खुर्ची, उंच बैठक, काठी या वस्तू एका घरात दोन-तीन महिने लागतात आणि मग माळ्यावर धूळ खातात. एका बचतगटाने चार संच गोळा केले तरी वर्षभरात अनेक घरांची सोय होईल. तिसरी – पाळी. पाच-सात घरांनी मिळून सहा आठवडे पाणी आणि एक वेळचा डबा वाटून घेणं. ही नुसती मदत नव्हे, आपला आपल्यात केलेला करार समजा. त्यात पुरुषांची नावंही लिहा. चौथी – शासनाकडे मागणी. ऑपरेशनचा आणि रुग्णालयातल्या दिवसांचा खर्च योजनेतून मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण घरच्या सहा आठवड्यांची काळजी कुणी तरी फुकट करील असं ती योजना धरून चालते. गरीब पेशंटसाठी घरी येणारी, नीट पगार मिळणारी मदतनीस आणि व्यायाम शिकवायला येणारी व्यक्ती हा ऑपरेशनचाच भाग मानला गेला पाहिजे.

यातलं किती होईल मला माहीत नाही. आमच्या रुग्णालयातला फॉर्म अजून तोच आहे, रकानाही तोच. मी हल्ली त्याखाली पेनने तीन प्रश्न लिहिते – पाणी कोण भरणार? संडासला कुठे जाणार? शाळा कुणाची बुडणार? उत्तरं मिळायला वेळ लागतो. पुष्कळदा बाई गप्प बसते, मग तिचा नवरा दुसरीकडे पाहतो. पण परवा एकाने विचारलं, "कमोडची खुर्ची भाड्याने कुठे मिळते?" मी त्याला पत्ता दिला.

ती बेचाळीस वर्षांची बाई आता चालते. दोन घरची कामं तिने सोडली, दोन धरली. मुलगी शाळेत परत गेली, मात्र तिचं ते वर्ष मागे पडलं. त्याची नोंद कुठल्याही केसपेपरवर नाही, म्हणून इथे केली.

तुमच्या गटात, तुमच्या घरात अशा वेळी काय केलंत, काय जमलं, काय फसलं ते आम्हाला जरूर कळवा. फसलेलं आधी कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा ठेवली आहे.

– संपादक मंडळाच्या वतीने